नागीण गेली, आग राहिली: मज्जातंतूच्या दुखण्यात मनातल्या विचारांचा वाटा किती?

काठावरची

सांगलीत राहते. वय ५९, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. हा धागा काढायचं वर्षभर मनात होतं, पण दुखण्याबद्दल लिहायला बसलं की दुखणंच आठवतं म्हणून टाळत आले. आता लिहितेच.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मला डाव्या बाजूला छातीखालून पाठीपर्यंत नागीण झाली. पहिले दोन दिवस नुसती कळ होती. वाटलं गॅस आहे, मग वाटलं हृदयाचं काही आहे. तिसऱ्या दिवशी लाल पट्टा उठला आणि त्यावर पाण्याचे फोड. शेजारच्या आक्का बघायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "तोंड कुठं, शेपूट कुठं ते बघ बाई. दोन्ही मिळाली की माणूस राहत नाही." आक्कांची माया मोठी आहे, माझ्यासाठी त्यांनी चार दिवस डबा दिला. पण त्या एका वाक्यानं मी दर दोन तासांनी आरशासमोर उभी राहून फोडांची टोकं मोजायला लागले. मंत्र घालणाऱ्याकडे नेलं, गेरूचा लेप लावला, आणि या सगळ्यात चार दिवस गेले. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा चांगला उपयोग होतो, हे मला पाचव्या दिवशी कळलं.

मग डॉक्टरबाईंनी कागदावर पाठीचा कणा काढून दाखवला. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण विषाणू जात नाही. कण्याशेजारच्या मज्जातंतूच्या मुळाशी तो दडून राहतो आणि पन्नास-पन्नास वर्षांनी त्याच तंतूवरून कातडीपर्यंत उतरतो. एक मूळ शरीराची एकच बाजू सांभाळतं, म्हणून पट्टा सहसा मधल्या रेषेशी थांबतो. तोंड-शेपूट मिळण्याची जी भीती आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, तिला शरीराच्या रचनेतच उत्तर आहे. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

फोड तीन आठवड्यांत वाळले. आग मात्र राहिली. तीन महिन्यांच्या वर राहिली की तिला नागिणीनंतरचं मज्जातंतूचं दुखणं म्हणतात. ज्यांना झालेलं नाही त्यांना एवढंच सांगते, की ब्लाउजचा काठ लागला तरी तिथं कुणी इस्त्री टेकवल्यासारखं व्हायचं. पदर वाऱ्यानं हलला तरी. जोरात दाबलं तर तेवढं दुखत नाही, हलका स्पर्श सोसत नाही. घरात मी आमच्या ह्यांचा जुना मलमलचा सदरा उलटा घालायचे, म्हणजे शिवण बाहेर राहते.

आता मुद्द्यावर येते. सहा महिन्यांनी डॉक्टरबाईंनी मला तेरा प्रश्नांचा एक कागद दिला. दुखत असताना तुमच्या मनात काय चालतं, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ५२. सलिव्हन नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर १९९५ मध्ये हा कागद तयार केला. त्यात तीन गोष्टी मोजतात. एक रवंथ, म्हणजे दुखण्याचाच विचार परत परत चघळणं. दुसरी, राईचा पर्वत करणं. तिसरी, हात टेकणं, म्हणजे माझ्या हातात आता काही नाही असं धरून चालणं. मला ५२ पैकी ३८ आले. तीसच्या वर गेलं की लक्ष द्यायला हवं असं मानतात.

मला राग आला. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "मला वेडी ठरवतायत." त्यातच अमिट्रिप्टिलिन नावाची १० मिलिग्रॅमची गोळी होती. भाच्यानं मोबाइलवर बघून सांगितलं, मामी ही तर नैराश्याची गोळी आहे. मी ती कुणाला न सांगता बंद केली. त्या पंधरवड्यात माझे जे हाल झाले ते आठवायला नकोत.

पुढच्या वेळी डॉक्टरबाईंना रडतच सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, तुमचा तंतू खरोखर जखमी झालाय. हे दुखणं मनातून आलेलं नाही. पण जखमी तंतूकडून निघालेला निरोप मेंदूपर्यंत जाताना वाटेत लहान-मोठा होतो, आणि त्या वाटेवर तुमची भीती बसलेली आहे." मग एक वही करायला सांगितली, तीन रकाने आखून. काय झालं. मी मनात काय म्हटलं. मग खरंच काय झालं.

वहीतलं एक पान जसंच्या तसं लिहिते.

"रात्री २:२०. कुशीवर वळले, आग. मनात: आता उजाडेपर्यंत असंच. उद्या भिशीला जायला नको. माघात पुतण्याचं लग्न, पैठणी कशी नेसायची. नाहीच गेले तर जाऊबाई काय म्हणतील. आयुष्यभर असंच. खरं काय झालं: ३:१० च्या सुमारास डोळा लागला. भिशीला गेले. अर्ध्यातून उठून आले, पण गेले."

तिसरा रकाना मी दुसऱ्या दिवशी दुपारी भरायचे. आठ-दहा पानं झाल्यावर माझ्याच लक्षात आलं, की कुशीवर वळण्यापासून आयुष्यभरापर्यंत जायला मला एक मिनिट पुरत होतं. आपल्याकडे म्हणतातच, मन चिंती ते वैरी न चिंती. वैरी निदान झोपतो तरी.

आज दुखणं दहापैकी पाचावर आहे, आधी सात होतं. म्हणजे गेलेलं नाही. गोळ्या चालू आहेत. पण झोप सहा तासांवर आली आणि त्या तेरा प्रश्नांत १९ येतात. तुमच्यापैकी कुणाला मज्जातंतूचं दुखणं असेल, किंवा घरात असेल, तर लिहा. विचारांचा भाग तुम्ही कसा हाताळता?

प्रसन्न_मन

ताई, छान लिहिलंत. सकारात्मक राहा, सगळं नीट होईल. मी रोज सकाळी आरशात बघून "मी निरोगी आहे" असं २१ वेळा म्हणते. रात्री हळद-दूध घ्या. सांगलीची हळद तर जगात भारी!

काठावरची

प्रसन्न_मन, तुमच्या मायेबद्दल मनापासून आभार. हळद-दूध घेते, लहानपणापासूनची सवय आहे. पण एक सांगू का, "सकारात्मक राहा" हे वाक्य मी दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकलं की त्याचीच भीती बसली. मी आरशात बघून "मी निरोगी आहे" म्हटलं तर माझी डावी बरगडी लगेच सांगते की तू खोटं बोलतेस. मग दुखणं राहतं ते राहतंच, वर मला नीट विचारही करता येत नाही ही खंत जोडली जाते. वहीत मी चांगलं काही लिहायचं असं ठरवलेलं नाही. जे खरं झालं तेवढंच लिहायचं. कधीकधी तिसऱ्या रकान्यात "उजाडेपर्यंत जागीच होते" असंही आहे. तेही लिहायचं.

खणभागकर

मी या धाग्याशी सहमत नाही आणि का नाही ते स्पष्ट लिहितो.

मला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया आहे, चेहऱ्याच्या तंतूचं दुखणं. वय ५२. उजव्या गालात विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते, काही सेकंदांची, पण ती येते तेव्हा माणूस जागच्या जागी गोठतो. पहाटे आयर्विन पुलावरून चालत जायचो, थंडीत नदीवरचा वारा गालाला लागला की झटका. निदान व्हायला दीड वर्ष लागलं. त्याआधी दाताचं दुखणं समजून दोन चांगल्या दाढा काढल्या गेल्या. त्या दीड वर्षात मला काय काय ऐकवलं गेलं! टेन्शन घेता. विचार फार करता. दुकानाचा ताण आहे. एकानं तर ध्यानाच्या शिबिराला बसवलं, दहा दिवस. तिथंही झटके आले.

शेवटी एमआरआयमध्ये दिसलं की एक रक्तवाहिनी त्या तंतूला मुळाशी घासते आहे. कार्बामाझेपिन सुरू झाली आणि चौथ्या दिवशी मी दीड वर्षानंतर पहिल्यांदा गालाला साबण लावून तोंड धुतलं. विचार तेच होते माझे. गोळी बदलली.

म्हणून असे धागे वाचले की भीती वाटते. उद्या कुणाच्या घरचे हे वाचतील आणि दुखणेकऱ्याला म्हणतील, बघ, तुझ्या विचारांमुळेच आहे.

काठावरची

खणभागकर, तुमच्या दाढांचं वाचून पोटात कालवलं. तुमची भीती खरी आहे आणि ती इथं मोठ्या अक्षरात राहायला हवी. निदान आधी, गोळी आधी. माझ्या लिहिण्याचा अर्थ कुणी "तुझ्या विचारांमुळे" असा लावला तर त्याला माझ्याकडे पाठवा.

मिरज_फिजिओ

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे, अकरा वर्षं झाली. दोघांचंही बरोबर आहे, आणि ते एकमेकांना छेद देत नाही असं मला वाटतं. जरा सविस्तर लिहितो.

दुखण्याचा निरोप तारेतून वीज जावी तसा सरळ जात नाही. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी मांडलं की मज्जारज्जूतच एक फाटक आहे, आणि ते किती उघडायचं हे खालून येणाऱ्या निरोपांवर जसं ठरतं तसं वरून, मेंदूकडून येणाऱ्या निरोपांवरही ठरतं. त्यांच्या मांडणीतले तपशील पुढे बदलले, पण वरून खाली येणारे मार्ग खरेच सापडले. मध्यमेंदूतून निघून ते मज्जारज्जूपर्यंत उतरतात आणि निरोप दाबूही शकतात, वाढवूही शकतात. भीती, लक्ष, झोप, अपेक्षा या सगळ्यांचा हात त्या मार्गांवर असतो.

आता काठावरची ताईंच्या गोळीकडे या. अमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी देतात तेव्हा डोस बराच मोठा असतो. तंतूच्या दुखण्याला १०, २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. ती वरून खाली येणाऱ्या त्या दाबणाऱ्या मार्गांना बळ देते. ड्युलोक्सेटिन या दुसऱ्या गोळीचंही तसंच. म्हणजे गोळी आणि वही एकाच वाटेवर काम करतायत. गोळी दिली म्हणून कुणी वेडं ठरत नाही, आणि वही दिली म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. गॅबापेंटिन, प्रेगाबालिन यांची जागा वेगळी, ती चिडलेल्या तंतूला शांत करतात. यातली कुठलीच गोळी मनानं एकदम बंद करू नका.

दुसऱ्या महायुद्धात बीचर नावाचा अमेरिकन डॉक्टर इटलीच्या आघाडीवर होता. १९४६ मध्ये त्यानं लिहिलं की गंभीर जखमी सैनिकांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांना दुखणं इतकं नव्हतं की त्यांनी औषध मागावं. त्यांच्या दृष्टीनं जखम म्हणजे आघाडीवरून सुटका होती. जखम तेवढीच असते, पण तिचा अर्थ दुखण्याचं माप बदलतो. आक्कांच्या "तोंड आणि शेपूट" या वाक्यानं नेमकं उलटं झालं.

खणभागकरांच्या बाबतीत रक्तवाहिनी घासते आहे, ती विचारानं हलणार नाही. गोळी पुरेनाशी झाली तर शस्त्रक्रिया आहे, तिच्यात वाहिनी आणि तंतू यांच्यामध्ये छोटी गादी ठेवतात. पण मला विचारावंसं वाटतं, दोन झटक्यांच्या मधला वेळ कसा जायचा?

खणभागकर

मधला वेळ. हं.

खरं सांगायचं तर मधल्या वेळातच माझं जास्त नुकसान झालं. कळ सेकंदांची, वाट बघणं दिवसभराचं. भडंग सोडलं, डाव्या बाजूनंही चावायची भीती. दाढी आठवड्यातून एकदा. दुकानात गिऱ्हाईकाशी बोलताना ओठ कमी हलवायचो. हे सगळं "आत्ता येईल, आत्ता येईल" यापायी. त्याला तुम्ही विचार म्हणत असाल तर म्हणा. पण ते गोळी लागू पडल्यावरच सुटायला लागलं, आधी नाही. हे माझं म्हणणं कायम आहे. आणि कार्बामाझेपिन घेणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्या, माझं सोडियम एकदा खाली गेलं होतं.

बागायतदार_तासगाव

मी पण लिहितो. शुगर १४ वर्षं झाली. दोन्ही तळपाय जळत्यात, रात्री जास्त. कधी मुंग्या, कधी वाळूवर चालल्यागत. दीड एकर द्राक्षबाग हाय.

आमच्या वस्तीवर एकाचा अंगठा काढला, मग पाऊल काढलं. तवापासून माझ्या डोक्यात एकच, आपला बी पाय जाणार. जळजळ वाढली की वाटायचं आज आत सडाय लागलं. बागंत जायचं बंद केलं. गड्यावर सोडलं. ऑक्टोबर छाटणीला मी बांधावर खुर्ची टाकून बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. घरात कुणाशी बोलायचो नाही.

डॉक्टरनी बरं समजावलं. म्हणाले, जळतंय म्हणजे तंतू अजून निरोप देतोय. ज्या पायाला काही कळतच नाही तो पाय जास्त धोक्याचा, कारण काटा रुतला तरी पत्ता लागत नाही. तुमच्या भीतीला काम लावा. रोज रात्री दोन्ही तळवं बघायचे, खाली आरसा धरून, बोटांच्या बेचक्यासकट. जखम दिसली तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. नाही दिसली तर पाय जाणार हा विषय त्या दिवसापुरता बंद. अनवाणी बागंत जायचं न्हाई.

आता नातू आरसा धरतो. बघून झालं की म्हणतो, "आबा, पास." मग मी झोपतो.

मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. माझं कमी निघालं. त्यानं बी पाय जळतात.

काठावरची

आबा, "पास" वाचून डोळे भरून आले. भीतीला काम लावा, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते आहे.

मिरज_फिजिओ

बागायतदारांनी बांधावरच्या खुर्चीचं लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे. दुखेल म्हणून हलायचं नाही, न हलल्यानं अंग आणखी कमजोर, मग थोडं हललं तरी जास्त दुखतं, की भीती पक्की. या चक्रावर २००० साली व्लायेन आणि लिंटन या संशोधकांनी लिहिलं आणि आमच्या कामाची पद्धतच त्यानं बदलली. आबा, बागेत परत कसे गेलात?

बागायतदार_तासगाव

ओळी मोजून. पहिला आठवडा रोज दोन ओळी. पाय जळू दे नाहीतर न जळू दे, दोनच. बरं वाटलं म्हणून एकदा एकदम दहा मारल्या, तर तीन दिवस आडवा. मग फिजिओबाई म्हणाल्या, बऱ्या दिवशी जास्त न्हाई आणि वाईट दिवशी शून्य न्हाई. आता वीस ओळींवर हाय. यंदा एप्रिल छाटणीला कात्री हातात घेतली.

माहेर_विट्याचं

मी सून म्हणून लिहिते. सासूबाईंना मानेतून हातात उतरणारं तंतूचं दुखणं आहे, तीन वर्षं. आम्ही सगळे त्यांना दर तासाला विचारायचो, आता कसं आहे, दुखतंय का, किती दुखतंय. प्रेमानंच. एकदा त्या तोंडलं चिरत बसल्या होत्या, रेडिओ लागला होता, चेहरा शांत होता. मी स्वयंपाकघरात शिरता शिरता विचारलं, "आई, हात दुखतोय का?" त्यांनी सुरी खाली ठेवली, हात समोर धरून बघितला आणि म्हणाल्या, "हो गं, दुखतोयच की." आणि मग अर्धा तास दुखतच राहिला.

त्या दिवशी माझी मलाच चूक दिसली. आता मी विचारते, "आई, चहा टाकू का?" दुखत असेल तर त्या आपणहून सांगतात, आणि सांगितलं की मी बसून ऐकते. ऐकणं बंद केलेलं नाही, उकरून काढणं बंद केलं. पण एक भीती वाटते, की न विचारल्यानं त्यांना वाटेल का, की सुनेला काळजी नाही?

काठावरची

तुम्ही हे त्यांना सांगितलंत का? आमच्या ह्यांनी आणि मी ठरवून घेतलं. सकाळी चहाला एकदा ते विचारतात, "रात्र कशी गेली?" तेवढंच. रात्री मी उठले तर ते विचारत नाहीत, नुसता दिवा लावतात आणि पाण्याचा तांब्या पुढे करतात. ठरवून केलं की त्यात दुरावा वाटत नाही.

माहेर_विट्याचं

आज बोलले. त्या म्हणाल्या, "बरं झालं बोललीस, मला वाटायचं मी रोज काही सांगितलं नाही तर तुम्हाला वाटेल म्हातारी नाटक करत होती." इतके दिवस दोघी एकमेकींसाठी दुखणं धरून बसलो होतो.

एसटी_प्रवासी

वय २९. सांगली-कोल्हापूर रोजचा प्रवास. उजव्या मांडीमागून पोटरीपर्यंत सायटिका, पाच महिने. एमआरआयच्या अहवालात "डिस्क डिजनरेशन" आणि "बल्ज" लिहिलंय, म्हणजे मणक्यांमधली चकती झिजलेली आणि फुगलेली. ते वाचल्यापासून झोप उडाली. २९ व्या वर्षी मणके झिजले म्हणजे पस्तिशीत मी अंथरुणाला खिळणार, हेच डोक्यात. लग्नाचं बघतायत घरचे, मी नको म्हणून सांगितलंय.

मिरज_फिजिओ

मित्रा, अहवालातले शब्द भयंकर वाटतात, पण ऐक. काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढून बघितलेल्या अनेक अभ्यासांचा २०१५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. ज्यांना कंबरेचा काही त्रास नव्हता अशा विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये डिजनरेशन दिसलं. केस पिकतात तसं ते आहे. तुझ्या पायातली कळ खरी आहे, तंतू चिडलेला आहे, पण सायटिका बहुतेकांची काही महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय उतरते. अहवाल म्हणजे भविष्य नव्हे.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसायच्या जागेला बधिरपणा आला, किंवा पाऊल उचलता येईना, तर तिथं विचार-बिचार काही नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं.

एसटी_प्रवासी

तसलं काही नाही. ३७ टक्के हा आकडा स्क्रीनशॉट काढून आईला पाठवला. ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती.

खणभागकर

फिजिओसाहेब, एक थेट प्रश्न. हे विचार बदलण्याचं काम, त्याचा पुरावा किती? नुसतं छान वाटणं नको.

मिरज_फिजिओ

थेट उत्तर देतो. जुनाट दुखण्यावरच्या विचार-वर्तन उपचारांचा मोठा आढावा २०२० चा आहे, कोक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा. दुखणं, त्यामुळे येणारी अडचण आणि मनाचा त्रास या तिन्हींत फायदा दिसतो, पण छोटा. फक्त तंतूच्या दुखण्याचा वेगळा आढावा २०१५ मध्ये झाला तेव्हा नियमात बसणारे दोनच लहान अभ्यास हाती लागले, त्यावरून काही ठाम म्हणता आलं नाही. म्हणून मी कुणालाही "गोळी सोडा, वही धरा" म्हणत नाही. गोळ्यांचंही असंच आहे, तंतूच्या दुखण्यात एकाच गोळीनं सगळं शांत झालेले लोक थोडे. थोडं गोळीनं, थोडं चालण्यानं, थोडं झोपेनं, थोडं वहीनं, अशी बेरीज करत जावं लागतं.

आणि तुमचा पहिला आक्षेप परदेशातल्या रुग्णांनीही घेतला आहे. त्या तेरा प्रश्नांच्या कागदाच्या इंग्रजी नावातच "संकट वाढवून बघणं" असा सूर आहे, तो लोकांना दोष दिल्यासारखा लागतो. नाव बदलावं अशी मागणी संशोधकांतूनही झाली.

खणभागकर

छोटा फायदा, हे प्रामाणिक वाटलं. हे आधी सांगितलं असतंत तर मी एवढा तापलो नसतो.

काठावरची

नाव बदलायला हवं यात शंका नाही. मला तो कागद दिला तेव्हा आधी दोन वाक्यं सांगितली असती, की तुमचं दुखणं खरं आहे आणि हा कागद ते खरं-खोटं ठरवण्यासाठी नाही, तर मी गोळी बंद केली नसती. माझ्या वर्गात नापास मुलाच्या हातात नुसती गुणपत्रिका कधी दिली नाही, शेजारी बसवून दिली. शिकवणाऱ्यांना जे कळतं ते दवाखान्यातही व्हावं असं फार वाटतं.

आणखी एक. ज्यांना रात्री विचार इतके गडद होतात की जगणं नको वाटतं, त्यांनी वही बाजूला ठेवून टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. पहिल्या हिवाळ्यात मी दोनदा लावला होता. हे घरात अजून कुणाला माहीत नाही.

बागायतदार_तासगाव

बाई, हे लिहिलंत ते बरं केलं. मी बी लावला असता तवा, नंबर म्हाईत नव्हता.

माहेर_विट्याचं

काठावरची ताई, नागिणीची लस निघाली आहे असं ऐकलं. सासूबाईंना द्यावी का?

मिरज_फिजिओ

भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. महाग आहे हे खरं. आईंच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. ज्यांना झालेली नाही त्यांच्यासाठी हा धागा वाचल्यावर विचार करण्यासारखी नक्कीच आहे.

काठावरची

आमच्या ह्यांनी दोन्ही डोस घेतले. माझी आग बघून त्यांना वेगळं समजवावं लागलं नाही. आक्कांनाही सांगितलं, त्या म्हणाल्या मुलाला विचारते. तोंड-शेपटाचंही त्यांना कागदावर कणा काढून दाखवलं. बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे माझ्या थोरल्या जावेला आम्ही उगीच रडवलं."

एसटी_प्रवासी

ताई, वहीचे रकाने कसे आखता ते नीट सांगाल का? आणि रोज लिहायचं का?

काठावरची

शंभर पानी साधी वही घे, आडवी धर. पहिला रकाना दोन बोटं रुंद, दुसरा सगळ्यात मोठा, कारण मन फार बोलतं. तिसरा रिकामा सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर भरायचा, त्याच रात्री नाही. रोज नको, ज्या दिवशी घाबरलास त्याच दिवशी. बसमध्ये लिहू नकोस, मान दुखेल. माझी तिसरी वही चालू आहे. उद्या एका कोऱ्या पानाचा फोटो टाकते.